गोगलगायीला कीड कोण ठरवतं?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस गोगलगायीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत त्यांच्याकडे पावसाळ्यात रोज रात्री एक नैतिक प्रश्न सरपटत येतो आणि सकाळी पानाला भोक पाडून निघून जातो. तो प्रश्न म्हणजे हिला मारायचं की नाही. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, हिला 'कीड' म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला. आज आपण दोन्हीकडे जाऊ, पण वाट बागेतूनच जाईल. प्राणी नीट न बघता त्याच्याविषयी नीतिशास्त्र सांगणं आम्हाला पसंत नाही.

"गोगलगाय नि पोटात पाय" ही म्हण आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरली आहे, बहुधा एखाद्या सहकाऱ्याबद्दल. वरून गरीब, आतून पक्का, असा तिचा अर्थ. गंमत अशी की प्राणिशास्त्रज्ञांनी या सबंध वर्गाला गॅस्ट्रोपोडा हे नाव दिलं, आणि त्याचा ग्रीक अर्थ नेमका 'पोट-पाय' असाच होतो. मराठी परिभाषेत उदरपाद. आपली म्हण करणाऱ्याला ग्रीक येत नसणार, पण त्याने प्राणी उलटा करून पाहिला होता हे नक्की. पोटाखालचा तो सपाट, ओलसर तळवा हाच तिचा पाय. त्याच्या स्नायूंमधून लाटा जातात आणि ती पुढे सरकते.

आता आपण 'गोगलगाय' हा एकच शब्द दोघींना वापरतो, पाठीवर शंख असलेलीला आणि नसलेलीला. शेतकी खात्याची माणसं पहिलीला शंखी गोगलगाय म्हणतात. दुसरीला आपण आज बिनशंखाची म्हणू. शहरातल्या बागांत पावसाळ्यात जी सर्रास दिसते ती काळपट, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी असते आणि तिच्या पाठीवर मधोमध एक फिकट रेघ असते. पुष्कळ लोक तिला जळू समजून किंचाळतात. ती रक्त पीत नाही. तिचं शास्त्रीय नाव लेव्हिकॉलिस आल्टे, आणि तीही मुळात आफ्रिकेची. आपल्या सह्याद्रीच्या स्वतःच्या बिनशंखी गोगलगायी वेगळ्या आहेत, पण कुंडीच्या बुडाखाली सहसा भेटते ती ही पाहुणी.

शंख नसणं हा एक सौदा आहे. शंख बांधायला चुना लागतो, तो हिला फारसा लागत नाही. शंख असला की फटीत शिरता येत नाही, ही मात्र विटेखाली, कुंडीच्या भोकात, पन्हाळीच्या सांध्यात कुठेही मावते. त्याची किंमत ती पाण्यात मोजते. उघडं, ओलं अंग उन्हात झपाट्याने सुकतं. म्हणून ती रात्रीची हिंडते, पावसात बाहेर येते, आणि दिवसा ओल्या पालापाचोळ्याखाली किंवा मातीत दडते. तिचा जो चिकट स्राव आपल्याला किळसवाणा वाटतो तो बहुतांशी पाणीच असतो. चालताना ते पाणी ती जमिनीवर सांडत जाते. मार्क डेनी नावाच्या शास्त्रज्ञाने 1980 साली हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं की त्या स्रावावरून सरपटणं ही प्राण्यांच्या चालींपैकी अतिशय महागडी चाल आहे. म्हणजे जी आपल्याला आळशी वाटते ती प्रत्यक्षात वीतभर अंतरासाठी, वजनाच्या मानाने, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करते. हे ध्यानात ठेवा, उपायांकडे वळलो की उपयोगी पडेल.

खाते कशी? तिच्या तोंडात जिभेसारखी एक पट्टी असते. तिच्यावर हजारो सूक्ष्म दात ओळीने बसवलेले असतात, आपल्या कानशीसारखे. पान ती चावत नाही, कानसते. म्हणून सकाळी जी भोकं दिसतात ती वेडीवाकडी, बऱ्याचदा शिरा सोडून मधला गर खाल्लेली असतात. अळीनेही अशीच भोकं पाडलेली असू शकतात, तेव्हा निवाडा करताना घाई नको. अळीची लेंडी पानावर किंवा खाली पडलेली असते. गोगलगायीची खूण म्हणजे वाळलेल्या स्रावाची चकाकती रेघ. आमचा नेम असा, की आरोपी ठरवण्याआधी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एकदा तरी बघून यायचं. न्यायशास्त्रात अनुमानापेक्षा प्रत्यक्ष प्रमाण आधी मांडलं आहे, ते काही उगाच नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. एक गोगलगाय रात्रीत साधारण तेवढंच खाते, समोर झाड लहान असो वा मोठं. पण झाडाच्या बाजूने पाहिलं तर त्या घासाचा अर्थ पार बदलतो. अळूच्या थोराड पानाला दोन भोकं पडली तर अळूला पत्ताही लागत नाही. तेच दोन घास झेंडूच्या चार दिवसांच्या रोपाला पडले तर रोप संपलं. मेथी, पालक, कोथिंबीर, मिरचीची नुकती लावलेली रोपं, शेवंतीचे कोवळे शेंडे, काकडी-भोपळ्याचे पहिले कोंब, हे तिच्या तडाख्यात सापडतात ते कोवळे असतात म्हणून. पंधरा-वीस दिवस निभावले, देठ जून झाला, की तीच गोगलगाय त्याच वाफ्यात असूनही फारसं काही घडत नाही.

याचं सर्वांत कठोर उदाहरण बागेत मिळत नाही, त्यासाठी मराठवाड्यात जावं लागेल. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, काहींना तिसऱ्यांदा. पंचनामे झाले. वर्तमानपत्रात बातमी वाचून शहरातली मंडळी हसली असतील, गोगलगायीने कुणी बुडतं का म्हणून. बुडतं, आणि का ते समजून घ्या. सोयाबीनचा कोंब जमिनीवर येतो तो दाण्याची दोन जाड दलं डोक्यावर घेऊनच. पुढे फुटण्याची सारी सोय त्या दलांच्या काखेत आणि त्यांच्या वर असते. दलांच्या खाली देठ कुरतडला गेला की खाली एकही डोळा उरत नाही, पुन्हा फुटायला जागाच नाही. ज्वारीचं तसं नाही. तिचा वाढता कोंब सुरुवातीचे दिवस मातीच्या खाली सुरक्षित असतो, वरचं पान खाल्लं तरी ती पुन्हा डोकं वर काढू शकते. मराठवाड्यातल्या कितीतरी रानांत आज सोयाबीन उभं असतं, जिथे पूर्वी ज्वारी असे. त्यात ओलिताच्या शेतांमुळे उन्हाळ्यातही गारवा मिळतो, बांधावरच्या गवतात आडोसा मिळतो. प्राणी असतोच. त्याला 'संकट' करणारं बरंचसं भोवताली जुळून येतं.

'कीड' हा गुणधर्म गोगलगायीच्या अंगात शोधून सापडणार नाही, तिचं विच्छेदन करून पाहा हवं तर. 'उंच' हा शब्द जसा कुणापेक्षा तरी उंच असतो, तसा 'कीड' हा संबंधवाचक शब्द आहे. कुठलं रोप, किती दिवसांचं, किती गोगलगायी, कोणता महिना, आणि ते रोप कुणाचं, या सगळ्यांतून ते नातं बनतं. हे आम्ही खुर्चीत बसून काढलेलं पांडित्य नव्हे. इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, बागकामातली तिथली सर्वांत मोठी संस्था, तिने 2022 साली जाहीर केलं की यापुढे आम्ही स्लग आणि स्नेल यांना 'पेस्ट' या सदरात टाकणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. ब्रिटनमध्ये बिनशंखाच्या गोगलगायींच्या 44 जाती आहेत, त्यांतल्या जेमतेम 9 बागेतल्या झाडांना त्रास देतात. बाकीच्या सडलेली पानं, बुरशी, शेवाळ खातात आणि खताचं काम करतात. नऊ जणींसाठी चव्वेचाळीस जणींना गुन्हेगार ठरवणं हा तर्कदोष आहे, आणि आमच्या वर्गात असल्या उत्तराचे गुण कापले जात.

शिवाय त्यांना खाणारेही आहेत. आपल्याकडे भारद्वाज गोगलगायी खातो, बेडूक खातात. आणि ज्या काजव्यांसाठी दरवर्षी वळवाच्या सुमाराला लोक भंडारदरा, राजमाचीकडे गाड्या काढतात, त्या काजव्यांच्या अळ्या कशावर पोसतात? मुख्यतः गोगलगायींवर. लुकलुकणारं रान हवं पण गोगलगाय नको, असा हिशेब जमत नाही.

अर्थात या बोलण्याला एक मर्यादा आहे, आणि ती दाखवायलाच हवी. मराठवाड्यात आली ती मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय. हिच्या बाबतीत 'निसर्गाचा समतोल' वगैरे म्हणून हात झटकता येत नाहीत. ती पूर्व आफ्रिकेची. भारतात ती आली 1847 च्या सुमारास. विल्यम बेन्सन हे शंख-शिंपल्यांचे अभ्यासक मॉरिशसहून काही जिवंत नमुने घेऊन आले, ते त्यांनी एका मित्राला दिले आणि मित्राने ते कलकत्त्याच्या चौरंगीतल्या बागेत सोडून दिले. एवढंच. कुणाचा वाईट हेतू नव्हता. एकाच प्राण्यात नर आणि मादी दोन्ही, एका वेळी शंभर-दोनशे अंडी, आणि कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड चुन्याच्या पडद्याने बंद करून महिनोन्‌महिने झोपून राहायची ताकद. पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती ती खाते. ज्या परक्या प्राण्या-वनस्पतींनी जगभर सर्वाधिक नुकसान केलं अशा शंभरांच्या यादीत तिचं नाव आहे.

आणि तिचा बंदोबस्त करायला निघालेल्यांनी काय केलं पाहा. 1955 साली हवाई बेटांवर, आणि पुढे 1977 मध्ये पॅसिफिकमधल्या मूरेआ बेटावर, गोगलगायींना खाणारी दुसरी एक गोगलगाय आणून सोडली. युग्लँडिना तिचं नाव. तिने आफ्रिकन पाहुणीचा फडशा पाडावा अशी अपेक्षा होती. तिने त्याऐवजी बेटावरच्या स्थानिक, झाडांवर राहणाऱ्या पार्टुला नावाच्या इवल्याशा गोगलगायी खाल्ल्या. मूरेआच्या रानातून पार्टुला दहा-बारा वर्षांत नाहीशा झाल्या, प्राणिसंग्रहालयांतल्या डब्यांत काही जाती टिकल्या. तिथे 'कीड' कोण होतं, हे तुम्हीच सांगा.

बरं, आपल्या वाफ्याचं काय करायचं? प्रचलित उपायांपासून सुरुवात करू. अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खडबडीत वाळू, असे अडथळे सगळीकडे सुचवले जातात. याच रॉयल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसवर असे घरगुती अडथळे रीतसर तपासले. अडथळा असलेल्या आणि नसलेल्या रोपांच्या नुकसानीत लक्षात यावा असा फरक पडला नाही. आश्चर्य नाही. मघाशी म्हटलं ना, ती स्वतःचा रस्ता स्वतः अंथरत चालते. दाढीच्या पात्याच्या धारेवरून ती इजा न होता जाते, अंड्याच्या टरफलाची काय कथा.

दुसरा लोकप्रिय उपाय, उचलून कुंपणापलीकडे फेकणं. इंग्लंडात डेव्हनमधल्या रूथ ब्रूक्स या आजीबाईंनी गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिशचे ठिपके लावून त्या परत येतात का याचा प्रयोग केला, आणि 2010 साली बीबीसी रेडिओची हौशी शास्त्रज्ञांची स्पर्धा जिंकली. गोगलगायी परत येत होत्या. पुढच्या अभ्यासात असं निघालं की वीसेक मीटरपलीकडे नेऊन सोडलं तरच उपयोग. पण पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वीस मीटरवर दुसऱ्याचा वाफा असतो. शेजाऱ्याच्या पालकावर आपली अहिंसा पोसणं आम्हाला तरी बरं वाटत नाही.

तिसरा, विषारी गोळ्या. मेटाल्डिहाईड हे त्यातलं जुनं औषध. आपल्याकडे कृषी विद्यापीठं शेतात मोठा प्रादुर्भाव असेल तेव्हा ते सुचवतात, आणि शेतकऱ्याने ते वापरलं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. घरच्या बागेत मात्र नको. कुत्री, मांजरं, पक्षी यांना त्याने विषबाधा होते. ब्रिटनने याच कारणाने 2022 पासून बागेत आणि शेतात त्याच्या वापराला बंदी केली.

चालतं ते अगदी साधं आहे. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्या. रात्री वरची माती कोरडी राहिली की तिची चाल, जी आधीच महाग आहे, ती परवडेनाशी होते. रोपं उंचावर, टांगलेल्या ट्रेमध्ये वाढवा आणि देठ जून झाल्यावरच वाफ्यात लावा, म्हणजे धोक्याचे पंधरा दिवस तुमच्या नजरेखाली जातात. कोवळ्या रोपांभोवतीचा पालापाचोळा तेवढे दिवस बाजूला करा, नंतर पुन्हा घाला. मराठवाड्यात जे करतात तेही घरी जमतं. गुळाच्या पाण्यात बारदान भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, पहाटे उचललं की खाली सगळ्या जमलेल्या सापडतात.

सापडल्या. मग? मारायचं का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर जैनांनी जितका बारीक विचार केला तितका कुणी केलेला नाही. त्यांनी जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली. शंख, जळू, कृमी हे द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि चव एवढीच इंद्रियं असलेले. गोगलगायीच्या बाबतीत ही यादी आज सुधारावी लागेल. तिच्या वरच्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे असतात आणि शिंगांनी ती वासही घेते. ती शिकतेसुद्धा. ॲलन गेलपरिन यांनी 1975 मध्ये दाखवलं की नवं खाणं खाल्ल्यावर त्रास झाला, तर बिनशंखी गोगलगाय ते खाणं एक-दोन अनुभवांतच टाळू लागते. यादी सुधारली तरी तिच्यामागची दृष्टी टिकते, कारण समोरच्याला काय जाणवू शकतं हे आधी विचारा, असंच ती सांगते. डार्विनने 1871 च्या ग्रंथात एका जोडीची हकिगत दिली आहे. त्यांतली सशक्त गोगलगाय भिंत ओलांडून समृद्ध बागेत गेली आणि दिवसभराने अशक्त जोडीदाराकडे परतली. मग दोघंही त्याच वाटेने गेली. हकिगत ऐकीव आहे, आम्ही तिच्यावर सिद्धांत उभारणार नाही. पण डार्विनला ती नोंदवावीशी वाटली.

जैन आचार्यांनी गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून, मारण्यासाठी मारणं ती संकल्पी, आणि ती गृहस्थाने सोडायचीच. घरकामात, उपजीविकेत, स्वसंरक्षणात जी होते ती कमी करत राहायची, पण तिच्याशिवाय संसार चालत नाही हे मान्य करायचं. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा जैन समाज आहे, नांगराखाली जीव जातात हे ठाऊक असणारा. हा भेद त्यांच्यासाठी रोजचा आहे. गांधीजींनीही 1946 मध्ये पीक खाणाऱ्या माकडांविषयी लिहिताना, माणसाचं अन्न नष्ट करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत प्राणिमात्राला न मारण्याचं तत्त्व आपण पूर्णपणे स्वीकारू शकत नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं.

आमचं मत या भेदावर उभं आहे. ज्याचं तिसरं पेरणीचं बियाणं उसनवारीचं आहे, त्या लातूरच्या शेतकऱ्याने गोण्या भरून गोगलगायी मारल्या तर ती उद्योगी हिंसा आहे. आमच्या मागच्या अंगणात तीन वाफे आहेत. तिथे पालक गेला तर आम्ही मंडईतून आणतो. आमच्या हातून मारणं झालं तर त्याला 'उपजीविका' म्हणता येणार नाही, दुसरा शब्द शोधावा लागेल. बिनशंखी सापडली की आम्ही ती खताच्या खड्ड्यात नेऊन टाकतो, तिथे तिला काम आहे. शंखी आफ्रिकन सापडली की मात्र मारतो, कारण ती शेजारच्या शेतात पोहोचली तर भुर्दंड दुसऱ्याला पडेल.

एका भगिनींची चिठ्ठी आली आहे: "मीठ टाकलं तर चालेल का?" अंगावर मीठ टाकू नका. मीठ तिच्या ओल्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि ती तडफडून, सावकाश मरते. वर तेच मीठ मातीत उतरून रोपाच्या मुळांना बाधतं. आफ्रिकन मारायचीच असेल तर एका घावात ठेचा आणि पुरून टाका. आणि दोघींपैकी कुणालाही उघड्या हाताने धरू नका, हातमोजा किंवा चिमटा घ्या. त्यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताच्या अळ्या असू शकतात, त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. म्हणून घरच्या वाफ्यातली पालेभाजी, विशेषतः कच्ची खायची कोथिंबीर, पान न्‌ पान उलटून, वाहत्या पाण्यात धुऊन घ्या. लहान पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढंच असतं, देठाच्या खोबणीत सहज राहून जातं.